शब्बाथ आणि खाडा



बरेच दिवस एक गोष्ट लिहीन लिहीन म्हणत होते. धीर होत नव्हता, कारण ती माझ्याच चुकीची आहे आणि हे वाचणाऱ्यांत निम्मे आमचेच नातेवाईक! पण आता पंच्याहत्तरी आली. कोणाला काय वाटेल याचा हिशेब आता किती दिवस ठेवायचा? तेव्हा बसले लिहायला.

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आजकाल त्याचं काही विशेष राहिलेलं नाही, सकाळी गेलं की संध्याकाळी घरी. पण नंतरची पथ्यं बरीच. खाली वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, गर्दीत जायचं नाही. वाचन बंद, लिहिणं बंद. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता सक्तीची विश्रांती." ते माझेच विद्यार्थी. वर्गात मी त्यांना गप्प बसवत असे, आता त्यांची पाळी आली!

पहिलाच रविवार आला. मुलगा, सून, नातवंडं उपासनेला गेली. मी आतल्या खोलीत पडून. समजायला लागल्यापासून बाळंतपणं आणि एकदोन मोठी दुखणी सोडली तर रविवारची उपासना मी चुकवलेली नाही. त्यामुळे रविवारी सकाळी साडेनऊ वाजता आपलं घर कसं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं. चर्चची घंटा झाली. आमच्या घरापासून ती नीट ऐकू येते. आणि घंटेच्या त्या ठोक्यांमध्ये मागच्या मोरीवरून दुसरा एक आवाज यायला लागला. पातेल्याच्या बुडाशी तारेची घासणी फिरते ना, तो. खर्र... खर्र... मध्येच ताटं एकावर एक ठेवल्याचा आवाज. पुन्हा खर्र.

"कोण आहे गं?" मी विचारलं.

"मीच हाय बाई. पडा तुम्ही."

आमच्या मावशी. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान, पण नातवंडं मावशी म्हणतात म्हणून सगळं घरच मावशी म्हणतं. सतरा वर्षं आमच्याकडे कामाला. रविवारी आम्ही शनिवार रात्रीची आणि सकाळच्या चहा-नाश्त्याची भांडी मागच्या मोरीवर काढून ठेवून उपासनेला जायचो. परत यायचो तेव्हा भांडी लख्ख होऊन उन्हात पालथी पडलेली असायची. दुपारी पुन्हा दहा-बारा माणसांचं जेवण, मटण, भाकरी, भात... संध्याकाळी त्या पुन्हा यायच्या. आठवड्यातला सगळ्यांत जास्त भांड्यांचा दिवस कोणता, तर रविवार.

सतरा वर्षांचे रविवार किती होतात, ते मी तिथेच पडल्या पडल्या मोजायला लागले. आठशेच्या पुढे जातात. एकाही रविवारी मी तो आवाज ऐकला नव्हता, कारण त्या वेळी मी देवाच्या घरात असायचे.

* * *

आता थोडं मागे जाते, म्हणजे हा आवाज मला इतका का लागला ते कळेल.

आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यात. आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं आणि मग आसपासच्या खेड्यापाड्यांत पसरलं. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. माझ्या तोंडी अजून नगरच येतं. तर आमची आजी शब्बाथाच्या बाबतीत फार कडक. शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळं आवरलेलं पाहिजे. सरपण फोडून ठेवायचं, पाण्याचे हंडे भरायचे, मसाला वाटून ठेवायचा, सगळ्यांचे कपडे धुऊन घडी करून उशाखाली. रविवारी सुई हातात घ्यायची नाही, कात्री नाही, दुकानातून काही आणायचं नाही. एकदा रविवारी मी बिब्ब्याच्या गोळ्या घ्यायला पाच पैसे घेऊन दुकानाकडे पळाले, तर आजीने वेशीपासून परत आणलं होतं.

सकाळी शब्बाथशाळा. तिथे दहा आज्ञा पाठ. चौथी आज्ञा सगळ्यांत लांब, म्हणून ती म्हणायला कोणी पुढे येत नसे. मी यायचे. पाठांतर चांगलं होतं! त्या आज्ञेत एक यादी आहे. शब्बाथाच्या दिवशी कोणी कोणी काम करायचं नाही त्याची. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरं, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस. सात-आठ वर्षांची असेन, मी गुरुजींना विचारलं, "गुरुजी, यात आई कुठंय?"

गुरुजी चांगले होते. हसले नाहीत. म्हणाले, "आई 'तू' मध्येच आली." तेव्हा समाधान झालं. पण घरी आले तर आई चुलीपुढे. डोळे धुराने लाल, एकीकडे भाकरी थापतेय, एकीकडे रस्सा ढवळतेय, कारण रविवारी पाळकसाहेब जेवायला. ती 'तू' मध्ये आली असेल, पण चुलीपुढून काही उठली नव्हती.

पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, आणि मीही तशीच झाले. मराठी आणि इतिहास शिकवायची. आमचे हे एसटीत. त्यांची साप्ताहिक सुट्टी कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. रविवार क्वचित मिळायचा. तसा एक रविवार मिळाला असताना मी दहावीच्या पेपरांचा गठ्ठा सोडून बसले होते. ते चपला घालून दारात उभे. म्हणाले, "देव सहा दिवसांत जग उरकून सातव्या दिवशी थांबला. तुझे पेपर त्याच्याहून अवघड दिसतायत." मी हसले आणि पुढचा पेपर घेतला. ते एकटेच गेले.

त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्या दिवशी ते कुठे जाऊ या म्हणत होते, ते काही केल्या आठवत नाही. पेपर मात्र आठवतात. 'माझा आवडता संत' या निबंधात एकाच वर्गातल्या बावीस मुलांचे तुकाराम महाराज शब्दाशब्दाने सारखे होते.

असो.

* * *

पडून राहिल्यावर दुसरं काय करणार? पाठ असलेलं आठवायचं. नातीला सांगितलं, मला रोज थोडं वाचून दाखव. तिने निर्गम वाचलं, मग अनुवाद वाचलं. आणि पन्नास वर्षं दहा आज्ञा येतात म्हणून मिरवणाऱ्या माझ्या लक्षात तेव्हा एक गोष्ट आली. ही चौथी आज्ञा बायबलमध्ये दोनदा दिली आहे, आणि दोन्ही ठिकाणी कारण वेगळं दिलं आहे.

निर्गमाच्या विसाव्या अध्यायातलं कारण आपल्याला माहीत असतं. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तूही थांब. शब्बाथ या इब्री शब्दाच्या मुळाशी थांबणं हाच अर्थ आहे. पण अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मोशे तीच आज्ञा पुन्हा सांगतो, तेव्हा सृष्टीचं नाव काढत नाही. तो म्हणतो, तू मिसर देशात दास होतास हे आठव. आणि दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असं त्यात स्पष्ट सांगितलेलं आहे.

म्हणजे पहिलं कारण देवाकडे बघायला लावतं, दुसरं मोरीकडे.

मिसरात इस्राएल लोक विटा पाडत होते. मोशे फारोकडे जाऊन म्हणाला, आम्हाला रानात जाऊन देवाचा सण करू दे. फारोचं उत्तर काय, तर हे लोक आळशी झालेत! आणि त्याने हुकूम काढला की विटांसाठी लागणारा पेंढा आता मिळणार नाही, तो त्यांनी स्वतः गोळा करावा, विटा मात्र ठरल्या तेवढ्याच झाल्या पाहिजेत. थांबू द्या म्हणणाऱ्याला आळशी म्हणणं हे इतकं जुनं आहे. अशा माणसांना देवाने बाहेर काढलं आणि सांगितलं, आठवड्यातला एक दिवस कोणीही कोणाच्या हुकमाखाली असणार नाही.

मी इतिहासाची बाई, त्यामुळे आठवण लगेच दुसरीकडेही गेली. आपल्याकडे रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली असं आपण सरसकट म्हणतो. सरकारी कचेऱ्यांचं ठीक आहे, पण मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगाराला ती कोणी आपणहून दिलेली नाही. ती मिळवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. मालकांनी दाद दिली नाही. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक. ते काही चर्चच्या घंटेसाठी भांडत नव्हते. रविवार हा आपल्या खंडोबाचाही वार, असं ते म्हणत असल्याचं सांगतात.

हा धडा मी कितीतरी वर्षं शिकवला. तारखा फळ्यावर लिहून दिल्या. आमच्या मोरीवर १० जून १८९० अजून उजाडलेला नाही, हे काही डोक्यात आलं नाही.

आणखी एक आपल्याकडचीच गोष्ट सांगते. कोकणात, अलिबागच्या बाजूला, बेने इस्राएल लोक कित्येक शतकं राहत होते. तेलाचे घाणे चालवायचे. मराठी बोलायचे, नावंही गावावरून पडलेली, दिवेकर, केहिमकर अशी. मूळ धर्मातलं बरंचसं विसरले होते, पण शनिवारी घाणा बंद ठेवायचा हे विसरले नाहीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांचं नावच पाडलं, शनिवार तेली! बाहेरून आलेल्या एका ज्यू माणसाने त्यांना ओळखलं, ते अशा जपलेल्या थोड्या खुणांवरून. मला यात मोठी गंमत वाटते. ग्रंथ गेला, भाषा गेली, पण थांबलेला घाणा राहिला. आणि घाणा थांबला की बैलही थांबला. आज्ञेतल्या यादीत बैल आहेच.

आमच्या गावात सोमवारी बैल जुंपत नसत, महादेवाचा वार म्हणून. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळताना मी लहानपणी पाहिलं आहे. जू घेऊन घेऊन झालेला तो घट्टा... ज्यांच्याकडून काम घेतो त्यांच्या खांद्याकडे बघावं, हे आपल्या मातीला बायबल यायच्या आधीही ठाऊक होतं. मी ख्रिस्ती आहे म्हणून हे म्हणायला का लाजू?

काही जण विचारतील, बाई, शब्बाथ तर शनिवारी, तुम्ही रविवार कसा पाळता? बरोबर आहे. सातवा दिवस शनिवारच. येशू ख्रिस्ताचं पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झालं, म्हणून ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी जमायला लागली. पुढे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये रविवारी कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला. त्यातही शेतकऱ्यांना सूट होती. सूट म्हणजे काम करण्याची! सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी अजून शनिवारच पाळतात. मी या वादात पडत नाही. वार कोणता यावर आमची माणसं तावातावाने बोलतात, पण त्या दिवशी आपलं खरकटं कोण काढतं यावर मी एकही उपदेश ऐकलेला नाही. मीही शब्बाथशाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, माझ्याही तोंडून तो निघाला नाही.

* * *

तर पुढच्या शनिवारी मी मावशींना बोलावलं. म्हटलं, "मावशी, आता रविवारी यायचं नाही."

त्यांचा चेहरा उतरला. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "काय चुकलं का बाई?"

"चुकलं माझं. तुम्हाला सुट्टी. दर रविवारी."

थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "खाडा धरणार का?"

हा शब्द मी घरोघर ऐकलेला. 'आज आमच्या बाईचा खाडा' असं आपण किती सहज म्हणतो. पण मावशींच्या तोंडून तो वेगळा वाटला. त्या पाथर्डी तालुक्यातल्या. लग्नानंतर दहा-बारा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्यावर, ते उन्हाळा लागेपर्यंत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे कोयता म्हणतात. माणसं दोन, मोजतात हत्यार! मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती तोडून फेडायची. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत आणि वर दंड. रविवार-सोमवार काही नाही. मावशी म्हणाल्या, "पोरगी झाली तवा बाराव्या दिवशी फडात उभी होते बाई. खाडा परवडत नव्हता."

मला फारोच्या विटा आठवल्या. मिसर फार लांब नव्हतं. पाथर्डीपासून ऊस जिथे उभा आहे तिथपर्यंतच होतं.

"खाडा नाही," मी म्हटलं. "पगार तोच."

त्या हो म्हणाल्या, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

घरात थोडी कुरकुर झाली. मुलगा म्हणाला, "आई, मग भांडी?" मी म्हटलं, "हात आहेत की." रविवारचं मटण शनिवारी रात्री गेलं. रविवारी दुपारी खिचडी नाहीतर पिठलं-भाकरी, तेही मुलगा आणि सून मिळून करतात. म्हणजे आज्ञेतल्या 'तू' मध्ये आता सून खरोखर आली. ज्याचं ताट त्याने घासायचं. आमच्या धाकट्या दीरांनी पहिल्या रविवारी ताट मोरीवर नेऊन नुसतं विसळून ठेवलं. मी डोळ्याला काळा चष्मा लावून बाजूलाच उभी होते. म्हटलं, "भाऊजी, मागची बाजू." भावाच्या बायकोपुढे बोलता येईना, गपचूप घासलं. भाऊजी, हे वाचत असाल तर रागावू नका. तुम्ही आता उत्तम घासता.

मला वाटलं, झालं. मोठं काम केलं. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

महिन्याभराने सुनेने बाजारातून आल्यावर सांगितलं, "आई, मावशी रविवारी लग्नांच्या जेवणावळींत भांडी घासायला जातात. दिवसाचे पाचशे मिळतात."

खरं सांगते, मला राग आला. मी यांना सुट्टी दिली, भरपगारी दिली, आणि या दुसरीकडे जाऊन आमच्यापेक्षा मोठी पातेली घासतात! त्या रात्री झोप आली नाही. मी त्यांना दिलेल्या दिवसाचं त्यांनी काय करायचं तेही मीच ठरवणार होते. म्हणजे दिवस दिला होता की नुसता हुकूम बदलला होता?

सोमवारी त्यांना विचारलं. रागाने नाही, पण विचारलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "नातवाच्या शाळेची फी भरायचीय बाई. आणि रिकामं बसलं की मला भ्याच वाटतं."

हे दुसरं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. कारण ते माझंही होतं. डोळ्याच्या पट्टीने मला पाडून ठेवलं तेव्हा तीन आठवडे मलाही तीच भीती वाटली होती. आपण काही केलं नाही तर आपली गरज काय? त्यांना खाड्याने शिकवलेली भीती मला घंटा-तास-वेळापत्रकाने शिकवली होती.

आणि मग मान्नाची गोष्ट आठवली. निर्गमाचा सोळावा अध्याय. रानात लोक उपाशी आहेत. देव रोज सकाळी मान्ना देतो. ज्याने त्याने त्या दिवसापुरतं गोळा करायचं, उद्यासाठी ठेवलं तर किडे पडतात. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट मिळतं आणि ते दुसऱ्या दिवशीही चांगलं राहतं, कारण सातव्या दिवशी गोळा करायला जायचं नाही. तरी काही जण सातव्या दिवशी गेलेच टोपल्या घेऊन! इतकी वर्षं दास राहिलेल्या माणसाला हातावर हात ठेवून बसणं जमणार कसं?

पण मला खरी खूण पटली ती अध्यायांच्या क्रमात. मान्ना सोळाव्या अध्यायात आहे. 'शब्बाथ पाळ' ही आज्ञा विसाव्यात. म्हणजे देवाने आधी दोन दिवसांची भाकर हातात दिली, मग म्हणाला थांब. मी मावशींना थांब म्हटलं, पण शिदोरी एकाच दिवसाची दिली होती. सतरा वर्षांपूर्वी ठरवलेल्या पगारात मी अधूनमधून शंभर-दोनशे वाढवत आले होते आणि तेवढ्याने स्वतःला उदार समजत होते.

मुलाशी आणि सुनेशी बोलले. शेजारच्या दोन घरी मावशी जातात, त्यांच्याशीही बोलले. तिन्ही घरांनी पगार वाढवले, रविवार सोडला. एक घर पटकन तयार झालं नाही, दोनदा जावं लागलं. लोखंड्यांना सहा वर्षं लागली होती, मला दोन चकरा पडल्या, तक्रार कसली! नातवाची फी मी माझ्या पेन्शनमधून भरते म्हटलं तर मावशी नको म्हणाल्या. "पगार वाढवला तेवढं पुरे, बाई. ते माझं हाय." दान आणि मजुरी यांतला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

म्हणून आता त्या रविवारी कुठेच जात नाहीत का? तसं नाही. लग्नसराईत अजून एखाद्या रविवारी जातात. मी विचारत नाही. शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, असं येशूनेच परूशांना सांगितलं. उपाशी शिष्यांनी शेतातून जाता जाता कणसं मोडून खाल्ली, त्यावरून ते वाद घालायला आले होते. त्या गोष्टीत मी इतकी वर्षं स्वतःला शिष्यांच्या बाजूला समजत होते.

* * *

विश्रांती म्हणजे काय, हे मला आता थोडं थोडं कळायला लागलंय. बायबलमध्ये दिवस संध्याकाळी सुरू होतो. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस. म्हणजे दिवसाची सुरुवातच झोपेने! आणि माणूस सहाव्या दिवशी निर्माण झाला, त्यामुळे त्याला मिळालेला पहिला पूर्ण दिवस शब्बाथाचा. काम करून दमल्यावर मिळालेलं ते बक्षीस नव्हतं. त्याने अजून काहीच केलं नव्हतं. मी जन्मभर उलटं समजत होते. आधी सगळे पेपर तपासून होऊ देत, मग बसू. पेपर कधी संपत नाहीत हो. आणि दारात चपला घालून उभं असलेलं माणूस कायम उभं राहत नाही.

आता रविवारी उपासनेहून आलं की जेवण होतं, ज्याचं त्याचं ताट घासून होतं आणि मग मी अंगणात खुर्ची टाकून बसते. काही करत नाही. सुरुवातीला हात शिवशिवायचे, आता कमी झालंय. मागे मोरीवर आवाज नसतो. उन्हात एक चिमणी येऊन नळाच्या थेंबाचं पाणी पिते, ती मला इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती.

मागच्या महिन्यात एका सोमवारी मावशी आल्या त्या हातात छोटी पुडी घेऊन. मोहट्याच्या देवीचा प्रसाद. म्हणाल्या, "काल लेकीला घेऊन गेले व्हते. दोघी दिवसभर तिथंच बसलो. लई वर्सांनी." मी प्रसाद घेतला, खाल्ला. आजी असती तर काय म्हणाली असती कोण जाणे! पण आज्ञेत दासीने त्या दिवशी कुठे जावं हे लिहिलेलं नाही. तिला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, एवढंच आहे.

असो. फार लांबलं. आज शनिवार आहे, संध्याकाळ व्हायला आली आणि मटणाचा मसाला वाटायचा राहिलाय. तुमच्या घरी रविवारची भांडी कोण घासतं, ते मी विचारणार नाही. तुम्हीच एखाद्या रविवारी घरी थांबून ऐका.

जय ख्रिस्त. तब्येतीला जपा.